गळ्यातली नळी

केंद्रीय कारागृह, रायपूर
९ जून २०२४

माया मेश्राम यांस,

वर जयभीम लिहिलं नाही. हात वळला नाही.

मी देवीदास गजभिये. भनपुरीले ट्रकच्या बॉडीचं वेल्डिंग करत होतो. २ मेले दुपारी तुमच्या आयसीयूच्या दारात ज्यानं तुमाले सलाईनच्या स्टँडनं मारलं, तो मी. तेव्हा तुमच्या तोंडावर मास्क होता, चेहरा दिसला नव्हता. नाव तर परवा समजलं, वकिलानं चार्जशीट वाचून दाखवली तेव्हा. माया मेश्राम, राहणार बूढापारा. म्हणजे आपल्यातलीच पोरगी. मग तर अजूनच डोकं फिरलं. आपल्यातलीच असून आपल्या बाईले मारून टाकलं तुम्ही.

माही भावना आतड्याच्या ऑपरेशनसाठी आली होती. टायफाईडनं आतड्याले भोक पडलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं म्हणून तुमच्याच डॉक्टरनं सांगितलं. आठव्या दिवशी तिनं डाळीचं पाणी पेलं, मले म्हणे, घरून कंगवा आणा. बाराव्या दिवशी तिची बोटं काळी पडली अन् तुम्ही बाहेर येऊन म्हणल्या, "नहीं बची." एवढंच. कुत्रं मेल्यासारखं.

चार्जशीटमधी लय वाढवून लिहिलं आहे. मी एकदाच मारलं.

मले फक्त येवढं सांगा का तुम्ही काय केलं तिले. नाही सांगाल तर नका सांगू. मी कधी ना कधी बाहेर येईनच. पत्ता आता पाठ आहे.

देवीदास गजभिये

*

बूढापारा, रायपूर
२४ जून २०२४

देवीदास गजभिये यांस,

जयभीम.

तुमचं पत्र आईच्या हाती पडलं. माझी आई शांताबाई रेल्वेच्या दवाखान्यात आया होती, घाबरणारी बाई नाही. पण शेवटची ओळ वाचून ती पत्र घेऊन पोलीस ठाण्यात जायला निघाली होती. मी थांबवलं. मला बोलता येत नव्हतं, जबडा तारेने बांधला होता, म्हणून पाटीवर लिहून थांबवलं.

तुम्ही एकदा नाही, तीनदा मारलं. पहिल्या वेळी मी हात वर केला, तेव्हा डाव्या मनगटाचं हाड मोडलं. दुसरा फटका जबड्यावर बसला. तिसऱ्या वेळी मी खाली पडले होते. फरशीवर माझेच दोन दात दिसत होते आणि तुम्ही स्टँड उलटा धरून, त्याच्या चाकांच्या बाजूने, माझ्या पाठीत घातला. गार्डने ओढलं नसतं तर चौथाही बसला असता. सहा आठवडे मी नळकांडीने वरणाचं पाणी पीत होते. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते. दया नको.

"नहीं बची" हे सांगायचं काम माझं नव्हतं. ते डॉक्टरांचं. ते मागच्या लिफ्टने निघून गेले होते. तुम्ही तीन तास दारात उभे होतात, म्हणून मी बाहेर आले. दुसरे शब्द सुचले नाहीत. सकाळपासून मी भावनाच्याच उशाशी होते.

तुमच्या बायकोला मी मारलं नाही. ती रक्तात जंतू शिरून गेली. तिच्या गळ्याच्या शिरेत एक नळी होती, हृदयाजवळपर्यंत जाणारी. मोठ्या ऑपरेशननंतर औषधं द्यायला ती लागते. पण ती म्हणजे शरीराला पाडलेलं दारच असतं. तिथून औषध जातं आणि काळजी घेतली नाही तर जंतूही जातात. म्हणून हात धुवायचे, नळीचं तोंड दर वेळी स्पिरिटच्या बोळ्याने पंधरा सेकंद घासायचं, पट्टी सुटली तर लगेच बदलायची. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, गरज संपली की नळी काढून टाकायची.

यापेक्षा जास्त मी लिहू शकत नाही. माझी नोकरी आहे.

माया मेश्राम

*

केंद्रीय कारागृह, रायपूर
५ जुलै २०२४

सिस्टर,

जयभीम.

हव, तीनदा. वकिलानं सांगितलं होतं का एकदाच म्हणा, म्हणून तुमालेही तेच लिहिलं. पत्र वाचल्यावर आठवलं. चाकं आठवली. त्या स्टँडचं एक चाक तुटून घरंगळत गेलं होतं अन् मी त्याच्याकडे पाहत होतो.

मनगट जुळलं का?

इथं बराकीत जागेसाठी रोज मारामारी होते. काल एकानं दुसऱ्याच्या कानाचा तुकडा तोडला, दातानं. मी पाहत राहिलो, मले काहीच वाटलं नाही. भावना गेल्यापासून असंच आहे. एक तर काही वाटत नाही, नाही तर कोणाचा तरी जीव घ्यावा वाटते.

तुम्ही लिहिलं, गरज संपली का नळी काढून टाकायची. आठव्या दिवशी ती डाळीचं पाणी पिऊन राहिली होती. उठून बसत होती. मग नळी काहून होती तिच्या गळ्यात? बाराव्या दिवशी मेली तेव्हाही होती. मी अंगावरची चादर सरकवून पाहिली होती.

तुम्ही काही तरी दाबून राहिल्या, सिस्टर. मी जास्त शिकलेला नाही, पण लोखंड तापलं का नाही ते हात न लावता समजते मले. कोणी ठेवली ती नळी? तुमाले कोणाची शपथ घालू? घरात बाबासाहेबांचा फोटो असनच. त्याच्याकडे पाहून सांगा.

देवीदास

*

बूढापारा, रायपूर
१८ जुलै २०२४

देवीदासभाऊ,

मनगट जुळलं, वाकडं जुळलं. एक तारखेपासून ड्यूटीवर आहे.

हे पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण काल हॉस्पिटलच्या वकिलाने मला ऑफिसात बोलावलं आणि भावनाची फाइल पुढे ठेवली. म्हणाला, "सिस्टर, कोर्टात इतकंच सांगायचं, लाइनची, म्हणजे गळ्यातल्या नळीची, देखभाल नियमाप्रमाणे झाली." मी फाइल चाळली. माझ्या हातची तीन पानं त्यात नव्हती. त्या जागी नवी पानं होती, सुंदर अक्षरात, एकही खाडाखोड नाही. आयसीयूत कोणाचं अक्षर इतकं सुंदर येत नाही.

त्या तीन पानांवर काय होतं ते सांगते. सहाव्या दिवशी मी लिहिलं होतं, औषधं आता हाताच्या शिरेतून देता येतील, गळ्यातली नळी काढावी का? सातव्या दिवशी तेच. आठव्या दिवशी लिहिलं, घामाने पट्टी सुटते आहे, बदलली, नळी काढावी. तिन्ही वेळा मी आमच्या आयसीयूच्या डॉक्टरांना, यशोधन सरांना, तोंडानेही विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "रहने दो सिस्टर, तिच्या हाताला शीर सापडत नाही, रोज कोण टोचत बसणार? रक्त काढायलाही सोपं जातं." सोपं जातं म्हणून राहिली ती नळी. नवव्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप आला. मग काढली आणि दुसऱ्या बाजूला दुसरी टाकली. तुम्ही चादरीखाली पाहिली ती दुसरी. तोवर जंतू सगळ्या रक्तात पसरले होते.

सर वाईट माणूस नाहीत. एकोणीस खाटा आणि ते एकटे. पण तुम्ही विचारलं कोणी ठेवली, तर उत्तर हे आहे.

जेलर हे पत्र वाचतील हे मला माहीत आहे. वाचू देत.

माया

*

केंद्रीय कारागृह, रायपूर
३० जुलै २०२४

ताई,

सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मुलाकातीच्या वेळी जाळीतून माह्या साळ्याले वाचून दाखवलं. इंद्रजीत, भावनाचा लहान भाऊ. तेवीस वर्षांचा आहे, मोठा भोळा. तिनंच त्याले वाढवलं. ऐकून लय रडला.

आता मले तुमच्यावर राग नाही. तुमच्याकडे कोणी डोळा वर करून पाहणार नाही, हा माहा शब्द. आईले सांगा का भिऊ नका.

पहिल्या पत्रात जे वाईटसाईट लिहिलं त्याची माफी मागतो. झोप लागून राहिली आता. मन हलकं झालं.

तुमचा भाऊ,
देवीदास

*

बूढापारा, रायपूर
१४ ऑगस्ट २०२४

देवीदास,

"मन हलकं झालं" हे वाचून मी आईला म्हटलं होतं, बघ, माणूस निवला. माझ्यासारखी मूर्ख बाई रायपुरात दुसरी नसेल.

काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. तरी सांगते, कारण सरांची काय दशा झाली ते तुम्ही पाहिलं नाही आणि मी पाहिलं.

आठ तारखेला संध्याकाळी सहाला यशोधन सर समता कॉलनीतल्या त्यांच्या क्लिनिकबाहेर गाडीत बसत होते. इंद्रजीतने ट्रकच्या चाकाचा पाना आणला होता. पहिला घाव गुडघ्यावर. सर पडले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला, जसा मी केला होता. तो हात त्याने रस्त्यावर पायाने दाबून धरला आणि वरून पाना घातला, पुन्हा पुन्हा. कंपाउंडर सांगतो, आवाज सुकी लाकडं मोडल्यासारखा येत होता. मग तोंडावर. उजवा डोळा जागेवरच फुटला. लोक जमले तेव्हा इंद्रजीत पळाला नाही. पाना टाकून फुटपाथवर बसला आणि बहिणीचं नाव घेऊन ओरडत राहिला. लोकांनी त्याला इतकं मारलं की पोलिसांना तो उचलून न्यावा लागला.

सरांना आमच्याच आयसीयूत आणलं. सात नंबरच्या खाटेवर. गळ्यात नळी टाकावी लागली. ती सांभाळायची ड्यूटी माझी.

पहिल्या दिवशी मी औषधाची सिरिंज घेऊन त्यांच्या उशाशी उभी राहिले आणि माझ्या मनात आलं, नको घासू. नळीचं तोंड नाही घासलं तर कोणाला कळणार आहे? माझी पानं फाडणाऱ्यांना कळू दे एकदा. हातात बोळा होता आणि मी तशीच उभी होते. किती वेळ ते आठवत नाही. मग घासलं, पंधरा सेकंद, मनात मोजून. सुटलेली पट्टी बदलली. तिसऱ्या दिवशी विचारायच्या आधीच सर म्हणाले, "सिस्टर, ही आज लागते का? नाही ना, मग काढा." त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी येत होतं. मी काढली.

पण तुम्हाला हे पत्र त्यासाठी लिहीत नाही.

मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. नवव्या दिवशी सकाळी भावनाच्या शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचं हृदय बंद पडलं. मी त्यांची छाती दाबत होते, हातमोजे रक्ताने आणि थुंकीने भरले होते. त्याच वेळी भावनाच्या औषधाची वेळ झाली. दुसरी सिस्टर सुट्टीवर. वॉर्डबॉयने छाती दाबायला घेतली तशी मी वळले, त्याच हातमोज्यांनी तिच्या नळीला सिरिंज लावली. घासलं नाही. हात धुतले नाहीत. मीच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, बाई, कोणीही नळीला हात लावला तर विचारायचं, हात धुतले का? तिने विचारलं. घाबरत, हसत विचारलं, "सिस्टर, हात धुवले का तुमी?"

मी म्हटलं, "हो, धुतले."

दुपारी तिला हुडहुडी भरली.

जंतू त्याच वेळी शिरला की आधीच सुटलेल्या पट्टीतून शिरला होता, हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. मीही सांगू शकत नाही. पण मी पान लिहिताना हे लिहिलं नाही आणि तुम्हालाही लिहिलं नाही. सरांचं नाव लिहिलं, माझं गाळलं. इंद्रजीतच्या हातात पाना तुम्ही दिला असेल, पण तो कुठे मारायचा हे माझ्या पत्राने सांगितलं.

पत्ता तुम्हाला पाठ आहे.

माया मेश्राम

*

केंद्रीय कारागृह, रायपूर
१० सप्टेंबर २०२४

माया मेश्राम,

तुमचं पत्र वाचलं अन् बराकीच्या भिंतीवर डोकं आपटलं. रक्त डोळ्यात आलं तरी आपटत होतो. एक कैदी हसला. त्याचा गळा धरला मी. तो निळा पडला, पाय झाडत होता, तरी सोडला नाही. चौघांनी दंड्यानं माह्या बोटांवर मारून सोडवला. जिवंत आहे तो. मले पंधरा दिवस कोठडीत टाकलं होतं, म्हणून उत्तर उशिरा.

खोटं कशाले लिहू? त्या दिवशी तुम्ही समोर असत्या तर चौथा फटका मारला असता अन् तुम्ही वाचल्या नसत्या.

कोठडीत माणसाजवळ काही नसते. भिंत असते. तिथं मले एक गोष्ट आठवली. ती मी स्वतःलेही सांगितली नव्हती. नवव्या दिवशी भेटीच्या वेळी मी आत गेलो होतो, पाच मिनिटं. भावना म्हणे, "आज सिस्टरनं हात धुतले नाही वाटते. मले भेव लागून राहिला, कोणाले तरी सांगा ना." अन् मी काय म्हटलं? म्हटलं, "चूप बस. येवढ्या मोठ्या दवाखान्यातल्या लोकाईले तू शिकवतं का?" बस, तिचं ते शेवटचं धड बोलणं. मग ताप चढला.

तिनं तुमालेही सांगितलं अन् मलेही सांगितलं. ऐकलं दोघांनीही नाही.

अन् इंद्रजीतचं. मी तुमाले लिहिलं का तो ऐकून रडला. पुढचं नाही लिहिलं. मीच त्याले म्हटलं, "ज्या हातानं नळी काढली नाही, तो हात ठेवू नको." तेवीस वर्षांचं पोरगं. आता तो इथंच आहे, पलीकडच्या बराकीत. एका कानानं ऐकू येत नाही त्याले, लोकांनी मारलं तेव्हापासून. मैदानात दिसला तर मान खाली घालतो, जसं काही त्यानंच माहं नुकसान केलं. सासू घरी एकटी आहे. पोरगी गेली, पोरगा गेला, जावई गेला.

मी मॅजिस्ट्रेटपुढं बयान दिलं का हे मीच करवलं. वकील म्हणे, आता जामीन विसर. मी म्हटलं, विसरलो.

तुमच्या घराकडे कोणी येणार नाही. हे आधीही लिहिलं होतं, तेव्हा ते तुमाले गाफील ठेवण्यासाठी लिहिलं होतं. आता तसं नाही.

देवीदास

*

बूढापारा, रायपूर
२२ फेब्रुवारी २०२५

देवीदासभाऊ,

जयभीम.

पाच महिने लिहिलं नाही. तुमच्या पत्रातलं भावनाचं बोलणं कानातून जात नव्हतं.

कोर्टात तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. तुमचे केस पांढरे झाले. न्यायाधीशांनी विचारलं, "यही आदमी है?" मी हो म्हटलं. तीनदा मारलं हेही सांगितलं. मग हॉस्पिटलच्या वकिलाने विचारलं, देखभाल नियमाप्रमाणे झाली ना? मी नाही म्हटलं, आणि सहाव्या दिवसापासून नवव्या दिवसापर्यंतचं सगळं सांगितलं. हातमोज्यांचंसुद्धा. वकील तीनदा मध्ये बोलला. न्यायाधीश म्हणाले, बोलू द्या. मी खाली उतरले आणि तुम्ही उठून गुन्हा कबूल केला. मला मारल्याबद्दल तुम्हाला शिक्षेची तीन वर्षं मिळाली. कमी की जास्त, मला समजत नाही. जेवताना जबडा अजून कट्‌कन वाजतो तेव्हा कमी वाटतात.

मला महिनाभर निलंबित केलं, चौकशी बसली. मग परत बोलावलं. कारण मोठेपणा नव्हे, आयसीयूत माणसंच नाहीत.

यशोधन सर जानेवारीत परत आले. उजव्या हाताने आता सही जमत नाही, डाव्याने करतात. इंद्रजीतला त्यांनी माफ केलेलं नाही, करणारही नाहीत. तसं स्पष्ट बोलले. पण चौकशीत त्यांनी डाव्या हाताने लिहून दिलं की सिस्टरने तीनदा विचारलं होतं आणि मी ऐकलं नाही. पानं बदलल्याचं मात्र कोणीच कबूल केलं नाही. ते तसंच राहिलं.

आता रोज सकाळी राउंडला प्रत्येक नळीसमोर थांबायचं आणि मोठ्याने विचारायचं, आज हिची गरज आहे का? ठेवायची असेल तर डॉक्टरने कारण लिहायचं. "सोपं जातं" हे कारण चालत नाही. हात न धुता कोणी नळीला हात लावला, तर सफाईवाली बाईसुद्धा त्याला थांबवू शकते. गेल्या आठवड्यात तिने एका मोठ्या सर्जनला थांबवलं. तो भडकला, शिवी दिली, ट्रे फेकला. कात्री तिच्या पायात घुसली. पण त्याने हात धुतले.

चार महिने झाले, आमच्याकडे नळीमुळे कोणाच्या रक्तात जंतू गेलेला नाही. पुढे जाणारच नाही असं म्हणत नाही.

दहा दिवसांपूर्वी एका म्हाताऱ्याची नळी काढायला मी सरांना विचारलं. ऑपरेशनच्या चौथ्या दिवशीच काढली. काल तो स्वतःच्या पायांनी घरी गेला. त्याच्या घरचे पेढे वाटत होते, ऑपरेशन करणाऱ्यांना.

माया

*

केंद्रीय कारागृह, रायपूर
९ मार्च २०२५

ताई,

जयभीम.

इंद्रजीतशी बोललो. पहिल्यांदा. जेवणाच्या रांगेत त्याच्या चांगल्या कानाकडे उभा राहिलो अन् म्हटलं, "चुकी माही होती."  त्यानं त्याची भाकर माह्या ताटात ठेवली.

राग गेला असं नाही. काल एकानं धक्का मारला तर मूठ वळलीच. मूठ खिशात घालून उभा राहिलो, नखं तळहातात रुतून रक्त आलं.

तुमचं पत्र मी लय वेळा वाचलं. चार महिन्यांत कोणी मेलं नाही म्हणता, पण जे मेले नाही ते मले दिसत नाही, ताई. मेलेली एक दिसते. त्या म्हाताऱ्याचं नाव सांगा ना. कोण होता, कुठचा, काय करते. मले एका तरी जित्या माणसाचं नाव पाहिजे.

देवीदास

*

बूढापारा, रायपूर
२१ मार्च २०२५

देवीदासभाऊ,

नाव सांगता येत नाही, तसा नियमच आहे. पण कसा होता ते सांगते.

धमतरीकडचा, सत्तरीचा. सायकलवर फिरून मडकी विकतो. कुरकुऱ्या. नळी काढताना मला म्हणाला, "धीरे धीरे ना, नोनी." नोनी म्हणजे छत्तीसगढीत पोरी. जाताना लिफ्टपर्यंत गेला आणि एकदम मागे फिरला. त्याच्या मुलाने विचारलं, काय राहिलं? तर म्हणे, चपला. खाटेखाली वाकून त्याने स्वतःच त्या काढल्या, झटकल्या, पायात घातल्या आणि बडबडत गेला.

माया